डाव्या बाजूचा दोष

२ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने स्वतःहून केला, तोही आईला नाही, मला.

"बाबा, एप्रिलमध्ये येतेय. वीस तारखेला आपण दोघं सायकलने दीपगृहापर्यंत जाऊ. जाऊन-येऊन साठ किलोमीटर. जमेल?"

"जमेल की. पण असं अचानक?"

"झाली सुरुवात! एकच अट आहे. प्रश्न विचारायचे नाहीत."

अट मान्य केली. दोन वर्षांपूर्वी तिच्या मित्राच्या ऑफिसात फोन करून तो खरंच तिथे कामाला आहे का, याची मी खात्री करून घेतली होती. होता. त्या फोनची बातमी त्याला लागली, तो दुरावला आणि पोरीने माझ्याशी बोलणं टाकलं. जन्मभर बेअरिंग तपासणाऱ्याने जावई न तपासता घ्यायचा का, असं मी तेव्हा ऐकवलं होतं. आता ऐकवणार नाही. ही संधी हातची गेली तर दुसरी मिळायची नाही, एवढं मला कळतं.

तेव्हा सायकल घ्यायची. भाजी आणायची नव्हे. बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची, लांब पल्ल्याची रोड बाईक. बायकोला सांगितलं तर लगेच म्हणाली, "घ्या." एकोणतीस वर्षांच्या संसारात ही कुठल्याही खरेदीला पहिल्या दमात "घ्या" म्हणालेली नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

कारखान्यात पुन्हा तेच. बेअरिंगच्या कड्याचा आतला व्यास मोजायचं गेज, वर घड्याळासारखी तबकडी असलेलं. कडं टेबलावर, गेज माझ्या डाव्या हातात, पेन उजव्या हातात. ही माझी पस्तीस वर्षांची पद्धत. सुई एका जागी ठरेना. थरथरत राहते. गेज दुसऱ्यांदा कॅलिब्रेशनच्या, म्हणजे उपकरणंच तपासायच्या खोलीत पाठवलं. तिथली बाई नवीन आहे, तिशीचीही नसेल. मागच्या वेळी तिने "उपकरणात दोष नाही" अशी चिठ्ठी लावून परत पाठवलं होतं. तपासलं तरी का, कोण जाणे.

यंदाची ही वहीसुद्धा फसवी निघाली. गेल्या वर्षी एवढा मजकूर लिहायला दीड पान लागायचं, आता अर्ध्या पानात मावतो. ओळींमधलं अंतर कमी करून ठेवलेलं दिसतंय. जुन्या वहीला पट्टी लावून मोजलं तर सारखंच भरलं. मग पट्टीचाच संशय आला.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन दुकानं झाली.

पहिलं मोठं, काचेचं. तिथला विक्रेता मी जिला हात लावीन ती सायकल उत्तम म्हणायचा. जिथे काहीच नापास होत नाही तिथे तपासणी होत नाही, हा माझ्या खात्यातला पहिला धडा. नमस्कार करून बाहेर पडलो.

दुसरं गल्लीतलं. मालक चाळिशीचा, कधीकाळी शर्यतीत उतरायचा म्हणे. बोलणं मोजकं, हात काळे. मी एका सायकलचं पुढचं चाक उचलून फिरवलं आणि ते धरणाऱ्या चिमट्याला कान लावला. आत खरखर. "बेअरिंग कोरडं आहे," मी म्हटलं. त्याने स्वतः कान लावला आणि म्हणाला, "बरोबर आहे काका. उद्या उघडतो."

एवढ्या लवकर चूक कबूल करणारा दुकानदार मी पाहिलेला नाही. असा माणूस पुढची मोठी चूक लपवण्यासाठी आधी एक लहानशी कबूल करतो. आणि काका काय म्हणून?

खिशात कारखान्याचे टॅग असतातच. हिरवा पास, लाल नापास, पिवळा दुरुस्त करून वापरण्याजोगा. एक निळी, पोलादी सांगाड्याची सायकल होती, हँडल उंच, टायर जरा रुंद. तिला मी लाल टॅग बांधला, कारण लिहिलं, "म्हाताऱ्याची." मालक हसला, पण टॅग काढला नाही. मला आवडली ती काळी, कार्बनची. दोन बोटांवर उचलली जाते. हँडल एवढं खाली की नुसती उभी असली तरी पळतेय असं वाटतं.

निघताना मालक म्हणाला, "काका, जरा त्या कोपऱ्यापर्यंत चालून परत या बरं."

"सायकल विकत घ्यायचीय. चालायचं कशाला?"

"माप घेण्याची माझी पद्धत आहे."

गेलो आणि आलो. तो दारात उभा राहून बघत होता. मग विचारलं, "डावा खांदा दुखतो का?" दुखतो. सहा महिने झाले. पण त्याला कोणी सांगितलं?

१२ फेब्रुवारी, बुधवार

चहाला वासच नाही. चहाची पूड बदलली का म्हणून विचारलं तर बायको म्हणे तीच आहे. दुधात पाणी घालत असणार. दूधवाल्याला हटकलं, तो उलट माझ्यावरच उखडला.

डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटते. जोडी घेऊन दीड महिना झाला नाही. दुकानात परत नेली. तिथल्या पोरीने दोन्ही तळवे एकमेकांना चिकटवून दाखवले, तंतोतंत सारखे. "तुमचा डावा पाय घासतो काका," म्हणाली. चप्पल बदलून द्यायला नको म्हणून गिऱ्हाइकाच्या पायाला नावं ठेवायची!

घरी आल्यावर सांगितलं तर बायको म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." एरवी ही म्हण टाकून ती हसते. आज हसली नाही. आत निघून गेली.

१६ फेब्रुवारी, रविवार

काळी घ्यायची असं ठरवून गेलो. मालक म्हणाला, "ती तुमच्यासाठी नाही."

"का? दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवलीय?"

"तसं नाही. आधी यंत्रावर बसा."

मागचं चाक एका लोखंडी स्टँडमध्ये अडकवलं की सायकल जागच्या जागी चालते आणि समोरच्या पडद्यावर आकडे येतात. दहा मिनिटं पायडल मारलं. मालकाने पडदा दाखवला. कुठला पाय किती जोर लावतो त्याची वाटणी. उजवा एकोणसाठ, डावा एकेचाळीस.

"मीटर खोटं आहे," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला. पुन्हा कबूल! मग पाण्याची बाटली देत हळूच विचारलं, "घरी कोण कोण असतं काका?"

त्याला काय करायचंय? घरात कोण असतं हे कोणाला हवं असतं, ते पोलीस सांगतातच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण डाव्या हाताने लावायला पाच मिनिटं. इस्त्रीवाला खळ घालून काजं बुजवतो.

बायकोला सामानाची यादी लिहून दिली. तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "तुमचं अक्षर मुंगीएवढं झालंय हो. पहिल्या ओळीत मुंगी, शेवटच्या ओळीत मुंगीचं पिल्लू." पेन बदललं. दुसऱ्यानेही तसंच. दोन्ही एकाच दुकानातली आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज मालकाला चांगला धडा दिला.

दुसरी सायकल लावायला लावली, वेगळ्या कंपनीचं मीटर. पुन्हा डावा कमी. त्यातही त्याच्या दुकानात त्याचंच मीटर, म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. तेव्हा तो म्हणाला, "काका, तुमच्या कारखान्यात असा पेच पडला तर तुम्ही काय करता?"

मी बाकावर बसून नीट समजावलं. चूक दिसली की एकच प्रश्न, दोष उपकरणात आहे की नगात? मग उपकरण बदलायचं, नग तोच ठेवायचा. चूक गेली तर दोष उपकरणाचा होता. चूक तशीच राहिली, म्हणजे नगाबरोबर फिरत राहिली, तर दोष नगाचा. पोरासोरांनाही कळेल इतकं सोपं आहे. पण माणूस घाई करतो आणि चांगलं उपकरण भंगारात काढतो.

तो खाली बघून हात पुसत होता. मग म्हणाला, "सायकल बदलली, मीटरही बदललं."

"हो. आणि दोन्ही तुझीच," मी म्हटलं. त्याने सायकल स्टँडवरून उतरवली. जिंकल्यासारखं वाटत घरी आलो. रस्त्यात चप्पल दोनदा निसटली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बायकोच्या फोनवर लेकीचा नंबर शोधत होतो, माझा फोन चार्जिंगला लावला होता. तिथे सायकलच्या दुकानाचा नंबर निघाला. सोमवारी अकरा मिनिटं बोलणं. काल सहा.

आणि एक व्हिडिओ. त्यात मी. पाठमोरा, आमच्याच गल्लीतून चालतोय. उजवा हात हलतोय, डावा अंगाला चिकटलेला, पिशवी नसताना पिशवी धरल्यासारखा. कोणीतरी मागून, मला कळू न देता काढलेला. तारीख अठ्ठावीस जानेवारी. लेकीला पाठवलेला.

"हे काय आहे?" विचारलं.

"बोट लागून निघाला असेल," बायको म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात.

मी पुढे काही विचारलं नाही. पण सगळा हिशेब मनात लागला. व्हिडिओ अठ्ठावीसचा, लेकीचा फोन दोन तारखेचा. म्हणजे सायकल, दीपगृह, "प्रश्न विचारायचे नाहीत", हे सगळं ठरवून. हे तिघं मिळून माझ्याविरुद्ध काय शिजवतायत?

३ मार्च, सोमवार

गेज तिसऱ्यांदा परत आलं. छापील चिठ्ठी तीच. खाली कॅलिब्रेशनवालीने हाताने लिहिलं होतं, "साहेब, रागावू नका. एकदा उजव्या हातात धरून बघा."

जेवणाच्या सुट्टीत सगळे गेल्यावर दार लावलं. गेज उजव्या हातात धरलं. सुई ठरली. अगदी खिळ्यासारखी.

डाव्या हातात. थरथर.

कपाटातून कोरं गेज काढलं, सील तोडलं. उजवा, स्थिर. डावा, थरथर. तिसरं काढलं. शेजारच्या टेबलावर गेलो, खुर्ची बदलली, कडं बदललं.

दोष नगाबरोबर फिरत होता.

मला भीती वाटली. इतकी की सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी दार उघडलं नाही.

४ मार्च, मंगळवार

काही लिहावंसं वाटत नाही. दूधवाल्याची माफी मागितली. त्याला कशाबद्दल ते कळलं नाही.

८ मार्च, शनिवार

आज बायकोला सांगितलं. "माझ्या डाव्या बाजूला काहीतरी झालंय."

ती खाली बसली आणि रडली. मग म्हणाली, "नोव्हेंबरपासून बघतेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? चप्पल निसटली की चप्पलवाला चोर. चहाला वास नाही की दूधवाला चोर. मी तोंड उघडलं असतं तर मीही त्याच रांगेत उभी राहिले असते. डॉक्टरकडे नेलं असतं तर आधी तुम्ही त्याची डिग्री खरी आहे का ते बघितलं असतं."

खरं म्हणजे सकाळीच एका डॉक्टरीणबाईंची बघितली होती. खरी आहे. पण ते तिला सांगितलं नाही.

सायकलवाल्याच्या वडिलांनाही असंच होतं म्हणे. म्हणून पहिल्याच दिवशी त्याने मला चालायला लावलं. दुसऱ्या रविवारी घरी कोण असतं ते विचारलं, ते घरच्यांना हे सांगण्यासाठी. पण मी पत्ता लागू दिला नाही. शेवटी काळीची किंमत लिहून घेताना मी घरचा म्हणून हिचा नंबर दिला होता, त्यावर त्याने फोन केला, तो हिने उचलला. आणि पोरीला व्हिडिओ हिनेच पाठवला, विचारायला की तुलाही तेच दिसतंय का.

म्हणजे लेक माझ्यासाठी येत नाहीये. माझ्या दुखण्यासाठी येतेय. राहून राहून तेवढंच मनात येतं. अट अशी की विचारताही येत नाही.

१३ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाई. त्यांनी बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, एक वाक्य पाच वेळा लिहायला लावलं. माझं पाचवं वाक्य बघून पहिल्यांदा मलाच हसू आलं, एवढं बारीक. पार्किन्सन, म्हणाल्या. सुरुवात आहे, गोळ्या आहेत, व्यायाम सोडायचा नाही.

"तुमचं निदान चुकण्याचं प्रमाण किती?" मी विचारलं.

बायकोने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. "चुकतं कधीकधी. म्हणूनच तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं." फेरतपासणी. बाई कामाच्या दिसतात.

"आणि सायकल?"

"चालवा की. चालताना अडखळणारे माझे काही पेशंट सायकल अगदी सरळ चालवतात. हेल्मेट घाला, सोबत कोणीतरी असू द्या."

हे धीर द्यायला सांगितलं की खरं, ते कळलं नाही. चालता येत नाही त्याला सायकल येते, हे कुठल्या शहाण्याला पटेल?

१६ मार्च, रविवार

दुकानात गेलो. मालक काही बोलण्याआधीच मी म्हटलं, "नग नापास आहे. आता त्याला बसेल अशी सायकल दाखव."

त्याने निळी पुढे आणली. हँडलला माझा लाल टॅग अजून लटकत होता. "म्हाताऱ्याची" हा शब्द वाचायला मला चष्मा लागला.

मग त्याने एकेक गोष्ट हात लावून दाखवली. काळीवर अंगाचा भार मनगटांवर येतो, दुखरा खांदा तासाभरात बोलायला लागेल. निळीचं हँडल उंच, पाठ सैल राहते. तिचा सांगाडा लांब, हात थोडा हलला तरी सायकल हलत नाही. ब्रेक तेलावर चालणारा, दोन बोटांनी लागतो. आणि पुढे दात्यांचं एकच चक्र, म्हणजे गिअर सगळे उजव्या हाताला. डाव्याला फक्त धरायचं काम.

"हे सगळं पहिल्याच दिवशी ठरवून ठेवलं होतंस?"

"तुम्ही त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आलात तेव्हा."

मी पंधरा मिनिटं दोष शोधला. दोन्ही चाकं फिरवली, कान लावला. मागच्या चाकात काही नाही. पुढच्यातही नाही. लाल टॅग काढला आणि पिवळा बांधला. मालक म्हणाला, "हिरवा नाही?"

"हा पिवळा सायकलचा नाही," मी म्हटलं, "स्वाराचा आहे."

तो हसला नाही. माझ्यासाठी सीट खाली-वर करत राहिला. वडिलांचं काय झालं ते मी विचारलं नाही. प्रश्न न विचारण्याचा सराव करतोय.

६ एप्रिल, रविवार

तीन आठवडे रोज सकाळी मालकाबरोबर तासभर. गोळ्यांनी खांदा थोडा सैल झालाय. काल तो म्हणाला, "सायकलवर तुमचं डावं-उजवं कळत नाही काका." गिऱ्हाइकाला खूश ठेवणं धंद्यातच येतं. माझा विश्वास नाही.

अक्षर मोठं काढायचं असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. हे पान मुद्दाम तसं लिहितोय. पहिलीतल्या पोरासारखं दिसतं, पण बायकोने लांबून, चष्म्याशिवाय वाचून दाखवलं. म्हणजे वही चांगली आहे.

२० एप्रिल, रविवार

लेक परवा आली. दारात मिठी मारली, तेव्हा डावा हात जरा उशिरा वर आला. तिला कळलं. मला कळलं की तिला कळलं.

आज पहाटे निघालो. गेटपासून सायकलपर्यंतची दहा पावलं मी पाय घासत गेलो, ती बघत होती. "तू पुढे हो, मी मागून येते," म्हणाली. मागून कशाला, हे मला माहीत होतं. व्हिडिओत बघितलंय मी स्वतःला मागून.

पहिले दहा किलोमीटर मी फक्त डाव्या हाताकडे बघत होतो. मग चढ लागला, मग उतार, मग समुद्राच्या बाजूचा सरळ रस्ता. हाताकडे बघायचं कधी राहून गेलं ते आठवत नाही. निळी चालत होती. चाकांचा एकसारखा बारीक आवाज, जो मी पस्तीस वर्षं कान लावून शोधत आलोय. मी चक्क गुणगुणत होतो.

दीपगृहाच्या पायऱ्यांवर बसलो. लेकीने पाणी दिलं आणि म्हणाली, "बाबा, अट आज मोडते. विचार एक प्रश्न. काय हवा तो."

दीड महिना एकच प्रश्न घेऊन हिंडत होतो. जिभेवर आला होता. तिच्याकडे बघितलं. नाकाचा शेंडा उन्हाने लाल, बुटाला वंगण, वीस वर्षांपूर्वी सायकल शिकताना दिसायची तशीच. दयेने आली असेल तर असो. आली.

"सायकलवर मी कसा दिसतो?" मी विचारलं. "खरं सांग. बरं वाटावं म्हणून नको."

"मला ठाऊक होतं तुझा माझ्यावर विश्वास बसणार नाही." तिने फोन काढला.

पाठमोरा माणूस. निळी सायकल. दोन्ही खांदे एका पातळीत, दोन्ही कोपर सारखे वाकलेले, दोन्ही पाय गोल गोल, घड्याळासारखे. चाक रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्याला धरून, बोटभरही इकडेतिकडे नाही. मी कामाच्या टेबलावर वाकतो तसा वाकून बघितलं. एकदा पूर्ण. मग फक्त डावी बाजू. मग फोन उजव्या हातातून डाव्यात घेऊन. चित्र हातात थरथरत होतं, चित्रातला माणूस नाही.

दोष सापडला नाही.

"बसला विश्वास?" लेकीने विचारलं.

"अजून एकदा लाव," मी म्हटलं.